जिथे कच्चे आहात तिथूनच: नवख्यांसाठी जिमचे बारा आठवडे

पहिले आठ महिने मी जिममध्ये एकच व्यायाम मनापासून केला, लेग प्रेस. राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीला. ठाण्याला गाडी बदलून संध्याकाळी साडेसातपर्यंत कळव्यात उतरायचे आणि स्टेशनवरून थेट जिम. दिवसभर खुर्चीत बसून आल्यावर पुन्हा बसूनच ढकलायचं यंत्र मला आवडायचं. ४० किलोवरून १०० किलोपर्यंत पोचले आणि खूश होते. मग नव्यानं आलेल्या ट्रेनर मॅडमनी एकदा सहज विचारलं, "ताई, त्या बारला नुसतं लटकून दाखवता का?" नवव्या सेकंदाला हात सुटले.

घरी येऊन वही उघडली. पाठीच्या व्यायामाची नोंद महिन्यातून दोनदा, कधी तीही नाही. जे जमत होतं ते वाढत गेलं होतं, जे जमत नव्हतं त्याच्या जवळपासही मी फिरकले नव्हते. पुढच्या बारा आठवड्यांत लटकण्याची वेळ ९ सेकंदांवरून ४२ वर गेली, आणि त्याच काळात माझी पाठ दुखायची थांबली, भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चौथा मजला चढताना बोटं आखडेनाशी झाली. नव्यानं जिम लावणाऱ्या कोणालाही मी आता तेच सांगते. आपण कुठे कच्चे आहोत ते आधी मोजून काढा, आणि त्यातली एकच गोष्ट निवडून बारा आठवडे तिच्यामागे लागा. ते कसं करायचं ते खाली क्रमानं लिहिते आहे.

त्याआधी एक गोष्ट. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, जुनी शस्त्रक्रिया, गरोदरपण, किंवा जिना चढताना छातीत दुखणं, चक्कर येणं यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

जिम निवडताना

यंत्रांपेक्षा रस्ता बघा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यानं मित्र जातात म्हणून नौपाड्यातली जिम लावली, तर पहिल्या महिन्यानंतर व्यायामाच्या आड वाहतूक येते. स्टेशन आणि घर यांच्या मधल्या वाटेवर, चालत पोचता येईल अशी जिम सगळ्यात टिकते. तुम्ही रोज ज्या वेळी जाणार त्याच वेळी एकदा जाऊन बघा. दुपारी तीनला मोकळी वाटणारी जागा रात्री आठला वेगळीच असते, रॅकपाशी तीन-तीन जण उभे असतात. आणि वर्षभराचे पैसे आधीच भरू नका. सवलत कितीही सांगितली तरी सुरुवातीला एक किंवा तीन महिन्यांचेच भरा.

आत गेल्यावर तीन गोष्टी शोधा. लटकायला बार, मोकळ्या रॉडचा रॅक, आणि सव्वा किलोच्या प्लेट, म्हणजे रॉडला लावायच्या चकत्या. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पुढे सगळी प्रगती त्या छोट्या प्लेटवर चालते. पुष्कळ जिममध्ये त्या नसतात किंवा कुठे तरी यंत्रामागे पडलेल्या असतात. मी माझी एक जोडी विकत घेतली आहे, सॅकमध्ये असते.

पहिले दोन आठवडे: फक्त वही

या काळात ध्येय ठरवू नका. शरीराला हालचाली शिकू द्या. आठवड्यातून तीन दिवस जा, सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा तुमच्या सोयीचे. दर वेळी खाली बसून उठण्याचा एक व्यायाम, कमरेतून वाकून उचलण्याचा एक, ढकलण्याचा एक, ओढण्याचा एक, आणि शेवटी वजन हातात घेऊन चालणं. यंत्रावर करा, डंबेलवर करा, ट्रेनर दाखवतील तसं करा. एक पूर्ण हालचाल म्हणजे एक रेप, आणि न थांबता सलग केलेले रेप्स म्हणजे एक सेट. वजन इतकंच घ्या की सेट संपला तेव्हा आणखी तीन रेप्स सहज निघाले असते.

वहीत तारीख, व्यायाम, वजन, रेप्स, सेट लिहा. त्यापुढे एक रकाना ठेवा: "कुठे अडलं". स्क्वॉटमध्ये (वजन घेऊन खाली बसून उठणं) टाचा उचलल्या, बेंचवर (बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं) डावा हात मागे राहिला, पुलडाऊनमध्ये (बसून वरचा दांडा छातीकडे ओढणं) पाठीऐवजी दंड दुखले, असं एकेक वाक्य पुरे. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण सेट संपल्या संपल्या लिहा. घरी जाऊन लिहिलं की आकडे आपोआप चांगले होतात.

रॉडचं वजन गृहीत धरू नका. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो, पण आपल्याकडच्या कितीतरी जिममध्ये त्याहून हलके रॉड असतात आणि त्यावर काही लिहिलेलं नसतं. वजनकाट्यावर आधी तुम्ही उभे राहा, मग रॉड घेऊन उभे राहा, फरक लिहून ठेवा. रोज तोच रॉड मिळेल असं नाही, म्हणून प्रत्येकाचं एकदा करून घ्या.

अंग दुखेल. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत ते सगळ्यात जास्त जाणवतं आणि मग ओसरतं. ते दोन्ही बाजूंना सारखं, स्नायूच्या पोटात, दाबल्यावर दुखणारं असतं. सांध्यात एका जागी टोचणारं, हालचाल करताना विजेचा झटका बसल्यासारखं, किंवा हातपायाला मुंग्या आणणारं दुखणं वेगळं, तिथे थांबायचं. आणि पहिल्याच दिवशी कोणी अतोनात व्यायाम करून घेतला, अंग प्रमाणाबाहेर सुजलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात आले की मूत्रपिंडांवर ताण येतो. हे क्वचित घडतं, पण घडतं ते बहुधा नवख्यांच्या आणि मोठ्या खंडानंतर परतलेल्यांच्या बाबतीत.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षेचा दिवस

एक दिवस ठरवा, आदल्या दिवशी व्यायाम नको, रात्रीची झोप नीट हवी. सहा गोष्टी मोजा.

पहिली, बारला लटकणं. पाय जमिनीवरून उचला, वेळ लावा. दुसरी, दंड, म्हणजे पुश-अप. जमिनीवर जमत नसतील तर बाकावर हात ठेवून काढा आणि बाकाची उंची लिहून ठेवा. छाती प्रत्येक वेळी तितकीच खाली गेली पाहिजे. तिसरी, उकिडवं बसणं. अनवाणी, टाचा जमिनीला टेकलेल्या, हात पुढे, अर्धा मिनिट. चौथी, घोटा. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवा, अंगठा भिंतीपासून अर्ध्या वीतीवर, म्हणजे सुमारे १० सेंमी. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? दोन्ही पायांचं वेगवेगळं बघा. पाचवी, एका पायावर उभं राहणं, प्रत्येकी अर्धा मिनिट. सहावी, दम. तुमच्या इमारतीचे पाच मजले न थांबता चढा, वेळ लिहा, आणि वर पोचून एक मिनिटानंतर नाडीचे ठोके मोजा. उंच इमारतीत राहत नसाल तर स्टेशनचा पादचारी पूल ठरावीक वेळा चढा, गर्दी नसताना. उपवनजवळ राहणाऱ्यांना येऊरचा चढ आहे, खारघरवाल्यांना तिथली टेकडी. जागा कोणतीही चालेल, बारा आठवड्यांनी तीच असली पाहिजे.

याशिवाय दोन-तीन मुख्य व्यायामांत किती वजन नीट उचलता येतं ते बघा. नवख्यांनी एका रेपचं जास्तीत जास्त वजन करून बघायची गरज नाही, आणि माझ्या मते करूच नये. त्याऐवजी सोपा हिशेब आहे, एपली यांच्या नावानं ओळखला जाणारा: उचललेलं वजन गुणिले रेप्स, भागिले ३०, ते मूळ वजनात मिळवा. ३० किलोचे ८ रेप्स निघाले, तर ३० अधिक ८, म्हणजे एका रेपला अंदाजे ३८ किलो. दहाच्या वर रेप्स गेले की हा अंदाज ढिला पडत जातो, पण स्वतःची स्वतःशी तुलना करायला पुरेसा आहे.

कमजोरी ओळखणं

इथे घाई करू नका. "माझे हात कमजोर आहेत" हे निदान नाही. व्यायाम नेमका कोणत्या क्षणी बिघडतो ते बघायचं असतं. त्यासाठी कोणाला तरी बाजूनं व्हिडिओ काढायला सांगा, फोन कमरेच्या उंचीला. चौकटीत दुसरं कोणी येणार नाही याची काळजी घ्या, विशेषतः बायका व्यायाम करत असताना. घरी तो शांतपणे बघा.

स्क्वॉट घ्या. खाली जाताना टाचा उचलल्या जात असतील तर घोट्याची परीक्षा आठवा. तिथे गुडघा भिंतीला लागत नसेल तर अडचण पायाच्या ताकदीची नाही, घोट्याच्या वाकण्याची आहे. टाचेखाली लहान प्लेट ठेवून स्क्वॉट करा आणि दरम्यान रोज दोन मिनिटं तीच भिंतीची हालचाल करत राहा. याउलट टाचा टेकलेल्या आहेत पण उठताना आधी कंबर वर जाते आणि छाती खाली राहते, तर मांडीची पुढची बाजू कमी पडते आहे किंवा वजन जास्त झालं आहे. गुडघे आत वळतात त्याचं कारण नवख्यांमध्ये बहुतेक वेळा हेच, जास्त वजन आणि न मुरलेली हालचाल. डंबेल छातीशी धरून, तीन सेकंद मोजत खाली जाणारे स्क्वॉट महिनाभर केले की बऱ्याच जणांचं आपोआप सुटतं. उकिडवं बसण्याची सवय ज्यांची शाबूत आहे त्यांना हा व्यायाम लवकर येतो. आमच्या सोसायटीतल्या पासष्टीच्या काकू पहिल्याच दिवशी इतक्या खोल आणि सरळ बसल्या की ट्रेनरनी बाकीच्यांना बोलावून दाखवलं.

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे कमरेतून वाकून जमिनीवरचा रॉड उचलताना, वजन जमिनीवरून हललंच नाही, की हललं पण बोटांतून निसटलं? निसटत असेल तर पाठीवर आणखी वजन लादून काय उपयोग, पकड वाढवा. दोन डंबेल घेऊन चालणं, लटकणं, शेवटच्या रेपला रॉड दहा सेकंद धरून ठेवणं. रॉड मनगटाला बांधायचे पट्टे लगेच घेऊ नका, हात आधी तयार होऊ द्या.

बेंच प्रेसमध्ये रॉड छातीवरून उठत नसेल तर छाती आणि खांद्यांकडे बघा, वर येऊन हात सरळ होताना अडत असेल तर ट्रायसेप्सकडे, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूकडे. पण बेंचच्या बाबतीत मला जास्त वेळा वेगळीच गोष्ट दिसते. माझा भाचा कोपरखैरण्यात राहतो, वय २३. आठवड्यातून चार दिवस चेस्ट मारायचा, आणि खांदा पुढून कुरकुरत होता. मी विचारलं, पाठ आणि पाय कधी? "मावशी, रोज लोकल पकडायला धावतो की, पायांना तेवढं पुरे." वही काढली तर ढकलण्याचे आठवड्याला २४ सेट, ओढण्याचे ४. आम्ही एकच नियम केला, ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे ओढण्याचा एक सेट, आणि चेस्ट दोनच दिवस. दुखणं अंगावर काढू नकोस म्हणून त्याला फिजिओथेरपिस्टकडेही पाठवलं. तीन महिन्यांत खांद्याची तक्रार गेली आणि बेंचही ५ किलोनं वाढला. त्याची कमजोरी त्या व्यायामात नव्हतीच, जे तो करत नव्हता त्यात होती.

काही कमजोऱ्या जिमच्या बाहेरच्या असतात. वहीत तीन आठवड्यांत नऊपैकी पाचच दिवस भरले असतील, तर तुमची कमजोरी सातत्य आहे, आणि ध्येयही तेच असलं पाहिजे. पाच तास झोपून सकाळी सहाची बॅच गाठणाऱ्याची कमजोरी झोप आहे. हे कबूल करायला जड जातं, मलाही गेलं, पण व्यायाम बदलत बसण्यापेक्षा हे लवकर फळतं.

ध्येय लिहायचं कसं

"फिट व्हायचंय", "वजन कमी करायचंय" हे ध्येय म्हणून कामाचं नाही, कारण बुधवारी संध्याकाळी जिममध्ये शिरल्यावर त्यातून काय करायचं ते कळत नाही. मोजता येईल आणि तारीख असेल असं एक वाक्य लिहा. "बारा आठवड्यांनी बारला ४० सेकंद लटकेन." "जमिनीवर पूर्ण दहा दंड काढेन." "पाच मजले चढून एका मिनिटात नाडी आजच्यापेक्षा दहा ठोक्यांनी खाली आलेली असेल." ध्येय एकच. बाकीचे व्यायाम चालू राहतील, पण वाढवण्याचा आग्रह एका ठिकाणी.

त्या वाक्याखाली दुसरं लिहा, त्यासाठी मी दर आठवड्याला काय करणार. "आठवड्याला तीन दिवस, दर वेळी लटकण्याचे चार सेट." पहिलं वाक्य पूर्णपणे तुमच्या हातात नसतं, दुसरं असतं. दर रविवारी दुसऱ्या वाक्यापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करा.

तारीख ठरवताना आपलं पंचांग बघा. बारावा आठवडा गणपतीत किंवा दिवाळीत पडत असेल तर सुरुवात पुढेमागे करा. गोविंदा पथकात असाल तर सराव सुरू होण्याआधीच पाय आणि खांद्यांची तयारी झालेली हवी, कारण थर लावायला लागल्यावर जिममध्ये नवं वजन वाढवण्याची ती वेळ नाही. जून ते सप्टेंबरमध्ये चार-पाच दिवस तरी पाण्यामुळे गाड्या अडणार. त्या दिवसांसाठी घरचा वीस मिनिटांचा व्यायाम आधीच वहीत लिहून ठेवा: पलंगाच्या कडेवर हात ठेवून दंड, पुस्तकं भरलेली सॅक छातीशी धरून बैठका, तीच सॅक एका हातानं ओढून वर घेणं, आणि पोट घट्ट धरून प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरून ठेवणं.

आठवड्याचा आराखडा

तीन दिवस, प्रत्येकी पाऊण तास ते तास. ज्यांना दोनच दिवस मिळतात त्यांनीही निराश होऊ नये, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितले आहेत.

वॉर्मअप झाला की सगळ्यात आधी कमजोरीचा व्यायाम. अंग ताजं असताना, डोकं जागेवर असताना. आपण तो शेवटी ठेवतो, आणि शेवटी आठची लोकल आठवते. त्यानंतर दिवसाचे दोन-तीन मुख्य व्यायाम, तीन-तीन सेट. कमजोर भागाला तिन्ही दिवस मिळून दहाच्या आसपास सेट पडू द्या, सुरुवातीला सहा-सातही पुरतात. जड सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती घ्या. रॅकवर गर्दी असेल तर समोरच्याला सरळ विचारा, "दादा, किती सेट राहिलेत, मध्ये मी मारू का?" बहुतेक जण हो म्हणतात.

वाढवायचं कसं, याचं उत्तर जुनं आहे. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे पाय सावरायला जड वजन, मोजके रेप्स आणि हळूहळू वाढ अशी पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तोवर रुग्णांना हलक्या वजनाचे पुष्कळ रेप्स करायला लावत. आज आपण दहा-दहाचे तीन सेट मारतो त्यामागे त्यांचं काम आहे.

तुमच्यासाठी रीत अशी. ८ ते १२ रेप्सचा पट्टा ठरवा. ज्या वजनानं ८ नीट निघतात तिथून सुरू करा. दर वेळी एखादा रेप वाढवत तिन्ही सेटमध्ये १२ झाले की वजन वाढवा आणि पुन्हा ८ वर या. रॉडवर वाढ म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो, एकूण अडीच. डंबेलला मात्र जपून. साडेसातवरून दहाचं डंबेल घेतलं म्हणजे एका उडीत तिसऱ्या हिश्श्यानं जास्त वजन. इतकी उडी खांद्याच्या व्यायामात झेपत नाही, म्हणून तिथे १२ ऐवजी १५ पर्यंत रेप्स नेऊन मगच पुढचं डंबेल उचला. शेवटच्या सेटमध्येही एक-दोन रेप्स शिल्लक राहू द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद झपाट्यानं वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट हाक द्यायला शिकते म्हणून. आरशात काही दिसायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि तोवर वहीतले आकडेच पुरावा असतात.

एक पूर्ण उदाहरण: लटकण्यापासून पहिल्या पुल-अपपर्यंत

माझ्या कमजोरीचं मी काय केलं ते तपशिलात लिहिते, कारण बायकांना "तुम्हाला हे जमत नसतं" असं सर्रास सांगितलं जातं आणि ते खरं नाही.

पहिले चार आठवडे नुसतं लटकणं. चार सेट, प्रत्येक सेट हात सुटायच्या दोन-तीन सेकंद आधी सोडायचा. सोबत लॅट पुलडाऊन, तीन सेट, आणि दोन डंबेल घेऊन जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. तळहातांना घट्टे पडतात, आंघोळीनंतर ते घासून सपाट ठेवा, नाहीतर सोलवटतात.

पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत लटकलेल्या अवस्थेत हात न वाकवता फक्त खांदे कानांपासून खाली खेचायचे. दिसायला काहीच घडत नाही, पण पुल-अपचा, म्हणजे लटकून हनुवटी बारच्या वर नेण्याचा, पहिला इंच हाच आहे, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. याच काळात स्मिथ मशीनचा, म्हणजे खांबांवर वर-खाली सरकणारा, रॉड कमरेच्या उंचीला लावून, खाली आडवं होऊन, टाचा जमिनीवर ठेवून छाती रॉडकडे ओढायची. सोपं वाटलं की रॉड एक खाच खाली.

नवव्यापासून बाराव्यापर्यंत उतरणं. बाकावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. तीन-तीनचे तीन सेट, त्याहून जास्त नाही, कारण उतरताना स्नायू जास्त दुखावतात. बारा आठवड्यांनी मला पुल-अप आला नव्हता. लटकणं ४२ सेकंद झालं होतं, जे माझं लिहिलेलं ध्येय होतं. पुढचे बारा आठवडे रबरी बँड वापरून केले, आणि त्या फेरीच्या दहाव्या आठवड्यात बँड काढल्यावर हनुवटी वर गेली. एकदाच, पण पूर्ण.

तुमचं ध्येय दंड असेल तर हीच वाट उलट्या दिशेनं: उंच बाक, मग कमी उंच, मग जमीन. बैठका असतील तर खुर्चीवरून, मग स्टुलावरून, मग मोकळ्या. अवघड हालचालीची सोपी आवृत्ती शोधायची आणि पायऱ्या मोजून खाली यायचं.

गाडी अडली तर

एकाच व्यायामात सलग तीन वेळा एकही रेप वाढला नाही तर आधी वहीची मागची पानं बघा. त्या आठवड्यात झोप किती होती, ऑफिसात शेवटची तारीख होती का, पाळीचे दिवस होते का, मे महिना आहे का. आपल्याकडच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, मग डिसेंबरात निघणारे रेप्स मेमध्ये निघत नाहीत. अशा दिवसांत विश्रांती वाढवा, एखादा सेट कमी करा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा कोकम सरबत सोबत ठेवा.

तसं कारण सापडलं नाही तर एक आठवडा हलका घ्या. तेच व्यायाम, सेट निम्मे, वजनही थोडं कमी. मग दोन आठवड्यांपूर्वीच्या आकड्यापासून पुन्हा चढा. एवढं करूनही हललं नाही तर व्यायामाची आवृत्ती बदला. व्यायाम मात्र रोज नवा घेऊ नका, तसं केलं की मोजायलाच काही उरत नाही.

पर्सनल ट्रेनिंगबद्दल: पहिला महिना हालचाली शिकायला घेतलं तर पैसे सार्थकी लागतात. ट्रेनर तुमची वही बघतात का, कुठे दुखतं ते विचारतात का, की सगळ्यांना एकच तक्ता देतात, यावरून पुढे ठरवा. पहिल्याच आठवड्यात प्रोटीन पावडरचे डबे विकायला लागले तर नम्रपणे नाही म्हणा.

ताट आणि झोप

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांसाठी संशोधक साधारण १.६ ग्रॅमपर्यंतचा आकडा सांगतात. ६० किलोच्या व्यक्तीला म्हणजे ५० ते ९६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

हे घरच्या ताटात बसतं. दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर सुमारे १८, १०० ग्रॅम बांगडा साधारण २०, कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम म्हणजे २५ च्या पुढे, मूठभर शेंगदाणे ७, मोठा ग्लास दूध ८. वरणाबद्दल मात्र आपली समजूत फार उदार आहे. वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम ३० ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं ७ ग्रॅमच्या आतबाहेर. वरण दाट करा, मटकीची उसळ वाढवा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, दही, दूध, दाणे, राजगिरा घ्या आणि त्या दिवशी हलका व्यायाम ठेवा. रात्री नऊला जिम करून साडेदहाला जेवणाऱ्यांनी साडेसहाच्या सुमारास ऑफिसातच केळं आणि मूठभर चणे खावेत, माझा हा एक बदल सगळ्यात जास्त कामी आला.

झोप सात तास. ती जमत नसेल तर चौथा दिवस जिमला जाण्याऐवजी झोपा.

बारावा आठवडा

आदल्या आठवड्यात सेट निम्मे करा. मग तोच दिवस, तीच वेळ, तोच बार, तोच जिना, आणि सहाच्या सहा परीक्षा पुन्हा. जुने आकडे झाकून ठेवा, नवे लिहून झाल्यावर शेजारी मांडा. ध्येय गाठलं नसेल तर रविवारच्या खुणा मोजा. बारापैकी नऊ-दहा बरोबर असतील तर पद्धत चालते आहे, तारीख पुढे ढकला. पाच-सहाच असतील तर ध्येय तेच ठेवा आणि आठवड्याचं काम कमी करा, तीनऐवजी दोन दिवस, चारऐवजी तीन सेट.

मग नव्या आकड्यांतला सगळ्यात मागे राहिलेला शोधा आणि पुढच्या पानावर त्याचं एक वाक्य लिहा. माझ्या वहीत आता तिथे "एका पायावर उभं राहणं, डावा, ११ सेकंद" असं लिहिलं आहे.